वर्षानुवर्षं न बोललेल्या मित्राला पुन्हा कसं गाठावं

माझं काम फिजिओथेरपीचं. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे आणि पाठी हातात असतात, आणि गुडघा वाकवता वाकवता माणसं बोलतात. नव्या पेशंटला मी हमखास विचारते, "घरी व्यायाम करताना सोबत कोण असेल?" बायको, नवरा, मुलगी, सून अशी उत्तरं येतात. "मित्र" हे उत्तर साठीपुढच्या माणसाकडून क्वचितच मिळतं. पण दहा मिनिटांनी तोच माणूस कुणा एकाबद्दल सांगत सुटतो: तो असा हसायचा, आम्ही अशी मजा करायचो. आता कुठे असतो तो, असं विचारलं की म्हणतो, "असेल कुठेतरी. नंबर आहे माझ्याकडे."

नंबर आहे पण फोन होत नाही, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. नवे मित्र कसे जोडावेत हा निराळा विषय आहे आणि माझ्या मते जास्त अवघडही. जुना मित्र परत मिळवणं त्यामानाने सोपं असतं, पहिली दोन मिनिटं तेवढी विचित्र जातात.

सुरुवातीलाच एक ओझं खाली ठेवा. मैत्री सुटली म्हणजे तुम्ही कृतघ्न, असं काही नसतं. नेदरलँड्समधले समाजशास्त्रज्ञ गेराल्ड मोलेनहॉर्स्ट यांनी त्याच त्या लोकांना सात वर्षांनी पुन्हा गाठून विचारलं, तेव्हा त्यांच्या जवळच्या गोतावळ्यातली निम्म्याच्या आसपास माणसं बदललेली निघाली. गोतावळा जवळपास तेवढाच राहिला, चेहरे दुसरे आले. आपण मित्र मनाने निवडतो असं आपल्याला वाटतं, पण बरीचशी मैत्री रोजची जागा आणि रोजची वेळ सांभाळत असते. वर्ग संपला, बदली झाली, मूल झालं, की ती जागाच नाहीशी होते. यात गुन्हेगार शोधत बसू नका.

आधी माणूस ठरवा

फोनमधली यादी उघडू नका. तिथे नळदुरुस्तीवाल्यापासून जुन्या घरमालकापर्यंत सगळे असतात आणि ती चाळता चाळताच उत्साह संपतो. कोरा कागद घ्या आणि आठवतील तेवढी नावं लिहा. पाच-सहा पुरेत. आता प्रत्येक नावापुढे एका ओळीत एक प्रसंग लिहा. "स्वभावाने फार चांगला" हा प्रसंग होत नाही. "परीक्षेच्या दिवशी माझे बूट घालून गेला आणि मला त्याच्या चपलांवर पेपर द्यावा लागला" हा प्रसंग. ज्या नावापुढे काहीच सुचलं नाही ते कर्तव्य म्हणून आलेलं आहे, खोडून टाका. जे लिहिताना तुमचं तुम्हालाच हसू फुटलं, ते पहिलं.

मग एक चाळणी लावा. काही मैत्र्या विरळ होत होत संपतात, काही रुसव्याने थांबतात, आणि काही आपण होऊन सोडलेल्या असतात, कारण त्या माणसाने फसवलं, छळलं किंवा सतत कमी लेखलं. या शेवटच्या प्रकाराला हात लावू नका. एकटेपणात जुना त्रासही गोड वाटायला लागतो. काळाने आपली आठवण बोथट केलेली असते, त्या माणसाची धार तशीच असू शकते. रुसव्याची मैत्री जोडता येते, पण सुरुवात तिच्यापासून नको. आधी विरलेलीवर हात बसू द्या.

हात मोकळे करून घ्या

इथे माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. थंड स्नायूवर एकदम ताण द्यायचा नसतो.

लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात माझे निम्मे पेशंट दिसतात. त्यांनी लोकांना जुना मित्र आठवायला सांगितला. ज्याच्याशी पुन्हा बोलायला आवडेल, ज्यालाही ते आवडेल असं वाटतं, आणि ज्याचा पत्ता किंवा नंबर हाताशी आहे, असाच. निरोप लिहायला तिथल्या तिथे वेळही दिला. तरी एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो पाठवला. जुन्या मित्राला निरोप धाडणं लोकांना अनोळखी माणसाशी बोलण्याइतकं जड वाटत होतं. समजावून सांगूनही फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एका साध्या गोष्टीने: काहींना आधी तीन मिनिटं सध्याच्याच मित्रांना आणि ओळखीच्यांना निरोप पाठवायला लावले. त्या गटातल्या ५३ टक्के लोकांनी नंतर जुन्या मित्रालाही निरोप पाठवला. ज्यांना हा सराव दिला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्के होतं.

म्हणून आधी तीन सोप्या माणसांना काहीतरी लिहा. बहिणीला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, कालच भेटलेल्या मैत्रिणीला. "काल तू सांगितलेला किस्सा मी घरी सांगितला, सगळे हसले," इतकंच. बोटांना सवय झाली की उठू नका. त्याच बैठकीत चौथा निरोप जुन्या मित्राला.

पहिला निरोप

घोडं अडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते. काय लिहू नये ते आधी.

"हाय." समोरचा पाहतो, कोण, कशाला, काही कळत नाही, आणि बाजूला ठेवतो. "ओळखलंस का?" ही तोंडी परीक्षा झाली, आणि नापास व्हायची भीती समोरच्याला. "काय म्हणतोस, काय चाललंय?" यावर वीस वर्षांचं उत्तर कुठून सुरू करायचं? त्यापेक्षा नंतर बघू, म्हणून तो निरोप तसाच राहतो. शुभेच्छांचं तयार चित्र तर नकोच नको, ते शंभर जणांना गेलेलं असणार हे सगळ्यांना माहीत असतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लांबलचक माफीनामा: "मी किती वाईट मैत्रीण आहे, इतकी वर्षं साधा फोन केला नाही, तू मला कधी माफ करशील की नाही..." वाचणारीला आता तुमचीच समजूत काढत बसावी लागते. शिवाय तिनेही इतकी वर्षं फोन केलेला नसतो, म्हणजे तिलाही टोचतं.

खरोखरच काही काम असेल, तर पहिल्याच ओळीत सांगून टाका. गोड बोलून चौथ्या निरोपात विमा काढणाऱ्यांमुळे बाकीच्यांची पंचाईत होते.

चांगल्या निरोपात इतकंच असतं: आज तू का आठवलास, तेव्हाचा तो एक प्रसंग, आणि उत्तराची घाई नाही. उदाहरणार्थ:

"अरे, आज ऑफिसात एकाने भलत्याचीच छत्री नेली आणि त्यावरून रामायण झालं. तुझी ती मोडक्या दांड्याची छत्री आठवली, जी चोरायची कुणाची हिंमत नव्हती. एकटाच हसत बसलो. सवडीने लिही, काही काम नाहीये."

खाली नाव मात्र घाला. तुमचा नंबर त्याच्याकडे असेलच असं नाही.

माझी वसतिगृहातली खोलीसोबती आणि मी, दोघींनी मिळून हाडांचा एकच संच घेतला होता. त्यातलं गळपट्टीचं हाड, म्हणजे क्लॅव्हिकल, डाव्या बाजूचं की उजव्या, यावर आमचं रोज भांडण व्हायचं. आमच्या शाखेबाहेरच्यांना सांगते, ते हाड ओळखण्यात भले भले फसतात. बऱ्याच वर्षांनी मी तिला लिहिलं, "आज विद्यार्थ्यांना क्लॅव्हिकल शिकवत होते. तुझी आठवण झाली. ते उजवंच होतं." रात्री उत्तर आलं, "डावं. आणि तू अजून तश्शीच आहेस." बस. मधल्या वर्षांचा हिशोब तिनेही मागितला नाही, मीही दिला नाही.

रुसवा असेल तर भांडणाचा उल्लेख एकाच वाक्यात करा आणि पुढे चला. "तेव्हा आपलं बिनसलं, मला त्याचं वाईट वाटतं, पण लिहायचं कारण दुसरंच आहे." चूक कुणाची, हा खटला निरोपात पुन्हा उभा करायचा नाही. लिहून बोलताना आवाज ऐकू येत नाही आणि प्रत्येक वाक्य आहे त्यापेक्षा कडक वाटतं.

समोरच्याला हे आगंतुक वाटेल अशी भीती असेल, तर पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये काय दाखवलं ते ऐका. नुसतं "तुझी आठवण आली" म्हणून संपर्क साधणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा समोरच्याला त्याचं जास्त अप्रूप वाटतं. निरोप जितका ध्यानीमनी नसताना आलेला, तितकं अप्रूप अधिक. म्हणजे "इतक्या वर्षांनी कसं लिहू" ही अडचण तुमची, त्याच्यासाठी तीच मजा.

उत्तर आलं नाही तर

उत्तर नाही म्हणजे नकार, असं लगेच धरू नका. माणसं निरोप वाचतात, "निवांत लिहू" म्हणतात, आणि निवांतपण येत नाही. महिनाभराने आणखी एक छोटा निरोप पाठवायला हरकत नाही, पण त्यात आधीच्या निरोपाची आठवण करून द्यायची नाही. नवा प्रसंग, नवा किस्सा. तोही रिकामा गेला तर थांबा. तिसरा पाठवला तर तो तगादा होतो. निळ्या खुणा मोजणं, तो ऑनलाइन कधी होता ते पाहणं, दुसऱ्या मित्राकडून चौकशी करवणं, यातलं काहीही करू नका.

कधीकधी उत्तर भलत्याच हाताने येतं. माझ्या एका पेशंटने फार धीर करून जुन्या मित्राला लिहिलं, आणि मित्राच्या मुलीचं उत्तर आलं की बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आठवडाभर त्यांच्या खांद्याचा व्यायाम काही झाला नाही. पण तिने खाली एक ओळ लिहिली होती, "हा छत्रीचा किस्सा आम्हाला माहीत नव्हता, अजून असतील तर सांगाल का?" वरचं उदाहरण मी कुठून उचललं ते आता कळलं असेल. ते अजूनही तिला किस्से लिहून पाठवतात.

लिहिणं थांबवून फोन कधी करायचा

लवकर. दोन-चार निरोपांची देवाणघेवाण झाली की फोन करा, नाहीतर सगळं हसऱ्या चेहऱ्यांवर आणि अंगठ्यांवर अडकतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा विझतं. लोक इथे बिचकतात, कारण बोलताना अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी हेच तपासलं (त्यांचा निबंध २०२१ चा). जुन्या मित्राशी काहींनी ईमेलने संपर्क साधायचा, काहींनी फोनने. फोन जास्त अवघड जाईल असा सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अवघडलेपण दोन्हींकडे सारखंच निघालं, आणि फोनवर बोललेल्यांना जास्त जवळीक वाटली.

न विचारता फोन करू नका. "शनिवारी सकाळी वीस मिनिटं मोकळी आहेस का?" असं विचारा. वीस मिनिटं म्हटलं की समोरची माणसं हो म्हणतात, "निवांत बोलू" म्हटलं की घाबरतात. आणि वीस मिनिटं झाली की तुम्हीच थांबा, गप्पा रंगात असल्या तरी. रंगात थांबलेल्या गप्पांचा पुढचा फोन आपोआप होतो.

फोनवर बायोडेटा वाचू नका. नोकरी, बढती, मुलांचे गुण, घराचं क्षेत्रफळ, हे सगळं ओघात कळतं. तुलनेचा किडा दोन्हीकडे असतोच आणि पहिल्या फोनात त्याला खायला घालायची गरज नाही. सध्या काय चाललंय ते विचारा, आणि मिळालेल्या उत्तरातलंच काहीतरी पकडून पुढचा प्रश्न करा. ती म्हणाली, "हल्ली पहाटे उठते," तर लगेच "मी पण!" म्हणून आपली पहाट सांगायला घेऊ नका. काय करतेस पहाटे, ते विचारा.

आनंदाची बातमी आली तर थोडं जास्तच थांबा तिच्यापाशी. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ २००४ पासून याच विषयावर लिहीत आल्या आहेत: वाईट बातमीला आपण धावून जातो, पण चांगल्या बातमीवर आपण कसे वागतो यावरूनही नात्याचा कस लागतो. "अरे वा, छान" म्हणून विषय बदलणं हे जवळपास न ऐकल्यासारखंच. "मग कळलं तेव्हा तू कुठे होतीस? पहिलं कुणाला सांगितलंस?" असं विचारलं की तिला तो क्षण दुसऱ्यांदा जगता येतो. आणि "बढती मिळाली? मग आता काम वाढणार" असं म्हणणारे मित्र असतात, त्यांच्यापैकी होऊ नका.

दुःखाची बातमी आली, तर उपाय सांगू नका. हे मी, जिला प्रत्येक जण आपला गुडघा दाखवतो, ती सांगते आहे. जुन्या मैत्रिणीने गुडघ्याचं रडगाणं सुरू केलं की मी आधी तिला पुरतं रडू देते. व्यायाम तिने मागितला तरच.

समोरासमोर

पहिल्या भेटीला दोघंच. नवरा-बायको, मुलं, जुना ग्रुप यांना पुढच्या वेळी बोलवा. गर्दीत प्रत्येक जण आपली जुनी भूमिका वठवतो, विदूषक विदूषक होतो आणि गप्प बसणारा गप्प बसतो. भेट आटोपशीर ठेवा आणि शक्यतो काहीतरी करत भेटा: चाला, प्रदर्शन पाहा, कुणाचं सामान हलवायचं असेल तर ते हलवा. समोरासमोर खुर्च्यांवर बसून डोळ्यांत पाहत बोलणं पहिल्या भेटीत मुलाखतीसारखं होतं. शेजारी शेजारी चालताना मधल्या शांततेचं ओझं होत नाही. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळा सोडून बाहेर पडलेल्या मुलामुलींवर १८ महिने लक्ष ठेवलं, तेव्हा मुलींची मैत्री बोलण्याने टिकली आणि मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. माझ्या टेबलावर झोपणाऱ्या पुरुषांकडे पाहून मला हे शंभर टक्के पटतं. त्यांना "मित्राला भेटा" म्हटलं की ते छताकडे पाहतात. "मित्राला चालायला घेऊन जा, गुडघ्याला बरं" म्हटलं की जातात.

भेटून घरी आलात की डोक्यात उजळणी सुरू होईल. मी फार बोललो का, तो कंटाळला का, तिने घड्याळ पाहिलं का. ही उजळणी फसवी असते. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात गप्पा मारून उठलेल्या माणसांना विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? लोकांनी खऱ्यापेक्षा कमीच सांगितलं. त्याच रात्री दोन ओळी पाठवून द्या, "मजा आली, पायऱ्यांवर तू काढलेली नक्कल अजून डोक्यात आहे." तिकडेही उजळणीच चालू असणार.

आणि भेटून तो माणूस आवडलाच नाही तर? होतं असं. मतं टोकाची झालेली असतात, विनोद शिळे झालेले असतात, किंवा तो फक्त स्वतःबद्दल बोलतो. पहिल्या भेटीवरून निकाल देऊ नका, लोक घाबरले की बडबडतात. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं तर वर्षातून एखादा प्रेमाचा निरोप पुरे. ती आठवण खरीच होती, फक्त ज्याच्याबरोबर घडली तो आता तिथे राहत नाही.

ते जुनं प्रेम असेल तर

कागदावरच्या नावांत असं एखादं नाव असतंच. मी नीती सांगायला बसलेली नाही, पण एक कसोटी आहे. निरोप लिहा आणि घरातल्या आपल्या माणसासमोर मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना एखादा शब्द गिळावासा वाटला तर पाठवू नका. घरात असं कुणी नसेल तर प्रश्न समोरच्याच्या घराचा: तिकडे तो मोठ्याने वाचला गेला तर चालेल का?

टिकवायचं कसं

"भेटू या पुन्हा" हे वाक्य तोंडातून काढू नका. निघतानाच वार आणि वेळ ठरवा. महिन्याचा पहिला रविवार, किंवा दर बुधवारी ऑफिसातून घरी जाताना फोन, काहीही. आठवण आली की करू, या भरवशावर काहीच होत नाही. माझ्याकडे "दुखलं की करेन" म्हणणाऱ्याचा खांदा आणि "सकाळी सातला करते" म्हणणारीचा खांदा, दोन्ही येतात. कुठला सुधारतो ते सांगायला नको.

घाईही नको. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला होता की अनोळखी माणूस बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, पक्का मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. आणि नुसतं शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत. तुमच्या जुन्या मित्राबरोबरचे कितीतरी तास आधीच जमा आहेत, ही मोठी सवलत. पण ते तास तेव्हाच्या माणसाबरोबरचे. आत्ताच्या माणसाला थोडे नव्याने द्यावेच लागतील, आणि महिन्यातून एकदा तासभर भेटलात तर वर्षात जेमतेम बारा होतात. मध्ये कधीतरी अख्खा दिवस काढा.

शेवटी फोन कुणी करायचा, यावरून अडून बसणाऱ्यांबद्दल. "नेहमी मीच करते" ही तक्रार मी रोज ऐकते. काही माणसं फोन करणारी असतात आणि काही फोन घेणारी. घेणारी माणसं आयुष्यभर घेणारीच राहतात, मग मैत्री कितीही सख्खी असो. तुमचं नाव दिसल्यावर पलीकडचा आवाज उजळतो का, एवढंच ऐका. उजळत असेल तर करत राहा आणि मोजणं सोडा. माझी क्लॅव्हिकलवाली आजवर एकदाही आपणहून फोन करत नाही. मी केला की पहिलं वाक्य तिचं असतं, "आत्ता तुलाच लावणार होते." ते खोटं असतं, आणि आम्हा दोघींनाही ते माहीत असतं.